खोली कशी आहे?
(डॉ. आनंदीबाई जोशी यांचे परक्या मुलखातले पहिले दिवस)



दरवर्षी आपले संपादक मंडळ स्मरणिकेसाठी लेख मागते आणि दरवर्षी मी ड्यूटीचे कारण पुढे करून सुटका करून घेतो. यंदा मात्र सुटका झाली नाही. मी डिप्लोमा झालेला साधा रेल्वे इंजिनियर. क्वार्टर्स, छपरे, नळ, गटारे हे माझे खाते. माझे लिखाण म्हणजे मेजरमेंट बुक आणि कम्प्लेंट रजिस्टरमधले शेरे. इतिहास हा माझा विषय नव्हे. वाचनाची आवड एवढेच भांडवल. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय सुचला तो घरातूनच. माझ्या थोरल्या भावाची मुलगी गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेली. नागपूरच्या विमानतळावर आम्ही सगळे तिला पोचवायला गेलो होतो. वहिनींनी दिलेली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला वजनात बसवता बसवता बॅग चार वेळा उघडून बंद केली. पहिले तीन आठवडे रोज फोनवर तिचा हसरा चेहरा दिसायचा. "सगळं छान आहे काका, मस्त आहे." चौथ्या आठवड्यात तिला ताप आला, तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. तिच्या खोलीतला हीटर पहिल्या दिवसापासून चालतच नव्हता. दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन ती झोपत होती. मी म्हटले, "अगं, सांगायचं नाही का?" तर म्हणते, "कुणाला सांगायचं तेच कळेना. आणि तुम्हाला सांगून तुम्ही तिथून काय करणार?" शेवटी शेजारच्या खोलीतल्या हुबळीच्या मुलीने इमारतीच्या केअरटेकरला बोलावून आणले. त्याने दहा मिनिटांत एक व्हॉल्व्ह मोकळा केला. काम झाले!

त्या रात्री मला झोप लागेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्वार्टरमधल्या तक्रारी सोडवणारा मी, आणि माझ्याच घरातली पोर तीन आठवडे थंडीत कुडकुडत होती. आणि मग वाचलेली एक जुनी गोष्ट आठवली. तीही अशाच एका खोलीची, अशाच एका थंडीची. ती आहे डॉ. आनंदीबाई जोशी यांची.

सहा प्रश्न

आनंदीबाईंचे नाव माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी घराघरांत वाचली गेली. त्यावर नाटक आले, पुढे २०१९ मध्ये चित्रपटही आला. त्यामुळे कथेचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक आहे. थोडक्यात उजळणी करतो.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले ते सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी या पोस्टातल्या कारकुनाशी. लग्नात नाव आनंदी ठेवले. बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा ध्यास, आणि त्यापायी स्वभाव अत्यंत कडक. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, परपुरुष डॉक्टरकडे त्या जात नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसले. डॉक्टर होण्याचे बीज तिथे पडले.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि १८८१ मध्ये कलकत्ता. आपल्यासारख्या बदलीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको! मुंबईहून कलकत्त्याला जाणारी गाडी त्या वेळी जबलपूर आणि अलाहाबादवरून जात असे. तो मार्ग १८७० मध्ये पुरा झाला होता. आपल्या रायपूरला तेव्हा रेल्वेच नव्हती. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली १८८७ मध्ये, आणि नागपूरहून बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंतचा रस्ता खुला झाला १८९१ मध्ये. नाहीतर कदाचित हे जोडपे आपल्याच स्टेशनावरून गेले असते.

कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे, कॉलेजच्या सभागृहात, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. वय पुरते अठरासुद्धा नव्हते. अमेरिकेला जाणार ही बातमी पसरल्यावर लोक जे जे विचारत होते, त्याचे त्यांनी सहा प्रश्न करून एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिथे काही संकट आले तर काय कराल? आणि आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करावे? आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी निक्षून सांगितले.

हे सहा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचले. धर्माचे आहेत, जातीचे आहेत, अब्रूचे आहेत. पण एक प्रश्न त्यात नाही. तिथे राहणार कुठे, खाणार काय आणि खोली कशी असेल? चार माणसांनी निदान काळजीपोटी तरी हे विचारायला हवे होते. हा सातवा प्रश्न सुटला तो कलकत्त्यात नव्हे, तर हजारो मैलांवरच्या एका बाईमुळे.

एका पत्राने उघडलेले दार

कोल्हापूरला असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. आधी ख्रिस्ती व्हा, अशा अर्थाचे उत्तर आले. ते या दोघांनी नाकारले. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

पुढे १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल या छोट्या गावातील थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेला अंक चाळता चाळता ते पत्र त्यांच्या वाचनात आले. शिकू पाहणाऱ्या त्या अनोळखी मुलीसाठी त्यांचा जीव हळहळला आणि त्यांनी पत्र पाठवले. नुसता जुना अंक चाळताना एखाद्याच्या आयुष्याला वळण लागावे, याला काय म्हणावे? दैवयोगच!

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे दोघींची पत्रे सुरू होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींच्या चालीरीती, सण, घर, मुले, तब्येत, सगळे त्या पत्रांतून आले. आनंदीबाईंना वरचेवर डोकेदुखी आणि ताप येई, म्हणून मावशींनी अमेरिकेहून औषधेही पाठवली. महत्त्वाचे हे की अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधीच तिथे एक घर त्यांना आपली म्हणून ओळखत होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' ही बोट निघाली. सोबत मिशनच्या अमेरिकन बायका होत्या. नवरा सोबत नव्हता, कारण दोघांच्या खर्चाची सोय नव्हती. आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. मोजून अठ्ठावन्न दिवस! आज पुतणीला नागपूरहून खोलीवर पोचायला दीड दिवससुद्धा लागला नाही. बंदरावर मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या.

रोझेलचे चार महिने

आपण समजतो की अमेरिकेला गेल्या आणि कॉलेजात बसल्या. तसे नाही. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, त्या रोझेलला कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. मला हा काळ फार मोलाचा वाटतो.

आमच्याकडे नवीन रूळ टाकला की त्यावरून पहिल्याच दिवशी मेल एक्स्प्रेस पूर्ण वेगाने सोडत नाहीत. आधी वेगाचे बंधन असते. गाड्या सावकाश जातात, खडी बसते, पुन्हा कुटाई होते, मग हळूहळू वेग वाढवतात. माणसाचेही तसेच आहे. नव्या हवेत, नव्या भाषेत, नव्या अन्नात बसायला वेळ द्यावा लागतो. आनंदीबाईंना तो वेळ मिळाला. इंग्रजी पुस्तकातून शिकलेले, ते आता कानावर पडू लागले. घरात मुली होत्या, त्यांच्याशी मैत्री झाली. आनंदीबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. ज्या घरी उतरलो त्या घराने आपले जेवण, आपले कुंकू, आपला धर्म यांना धक्का लावला नाही, ही केवढी मोठी गोष्ट! बोटीवरच्या बायकांकडून धर्मांतराचा आग्रह सोसून आल्यावर तर ती अधिकच जाणवली असेल.

याच घरात बसून त्यांनी २८ जून १८८३ रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. न्यूयॉर्कला उतरून चोविसावा दिवस. आपली शाळेची तयारी कमी आहे हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण जातीचा आणि आप्तांचा विरोध पत्करून इथवर आले तो निर्धारही विचारात घ्या, असे म्हटले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील बायांसाठी मला हे शिकायचे आहे, असा त्याचा आशय. ते पत्र फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे. कॉलेजने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

भाद्रपद त्या रोझेलला असतानाच येऊन गेला. सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात सुरू व्हायला अजून दहा वर्षे होती. पण घरच्या गणपतीची, मोदकांची, आरतीची आठवण त्या अठरा वर्षांच्या मुलीला आली नसेल का? घर सोडून राहिलेल्या कुणालाही हे विचारून पाहा.

धूर सोसायचा की थंडी?

सप्टेंबर संपता संपता मावशींनी त्यांना फिलाडेल्फियाला नेऊन पोचवले. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आपल्या रायपूर-बिलासपूरपेक्षा थोडे जास्त. पण ज्याला घर सोडायचे आहे त्याला किलोमीटरचा हिशेब कळत नाही.

हे कॉलेज १८५० साली स्थापन झालेले. बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. डीन होत्या रेचल बॉडली, मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी आनंदीबाईंचे आपुलकीने स्वागत केले. शिक्षण तीन वर्षांचे. शरीररचना, रसायनशास्त्र, शवविच्छेदन, सगळे इंग्रजीतून. ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले.

आणि मग ती खोली. चरित्रकारांनी नोंदले आहे की आनंदीबाईंना मिळालेल्या खोलीतली शेकोटी सदोष होती. पेटवली की धूर खोलीत भरायचा. विझवली की थंडी. बाहेर हिवाळा जवळ येत चाललेला. म्हणजे रोज रात्री निवड करायची, धूर सोसायचा की थंडी सोसायची? कल्याण-मुंबईच्या दमट हवेत वाढलेली, आधीच ताप आणि डोकेदुखीने बेजार होणारी ती मुलगी. त्यातून तिथे आपल्या पद्धतीचे दोन घास रांधून खाणेही अवघड. शाकाहारी माणसाला त्या काळच्या फिलाडेल्फियात बाहेर काय मिळणार?

आता इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. आपल्या जुन्या क्वार्टर्समध्ये दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या त्या काळातली धुराडी अजून कुठे कुठे दिसतात. धूर उलटा का येतो? गरम हवा हलकी, ती वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. हा ओढा तुटला की धूर घरात. धुराडे काजळीने कोंदले असेल, त्याचे तोंड शेजारच्या भिंतीपेक्षा खाली असेल, ते फार थंड पडले असेल, किंवा खोलीत बाहेरची हवा यायला जागाच नसेल, तर असे होते. यातले शेवटचे कारण थंड देशात मोठेच अडचणीचे. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी घट्ट लावावी तर शेकोटीला हवा मिळत नाही. खिडकी उघडावी तर ऊब सगळी बाहेर. दोष नेमका कळला तर बहुतेक वेळा एखाद्या चांगल्या गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम. पण त्यासाठी कुणीतरी खोलीत येऊन बघायला हवे, आणि राहणाऱ्याला सांगण्याजोगे माणूस हवे.

त्या खोलीनेच पुढे त्यांचा जीव घेतला असे म्हणणे धाडसाचे होईल, आणि मी तसे म्हणत नाही. त्यांची प्रकृती हिंदुस्थानातच नाजूक होती, आणि क्षयाने त्यांना गाठले ते नंतर. पण कोणत्याही इमारतीचा अनुभव सांगतो की मोठी भिंत एकदम पडत नाही. आधी एक बारीक ओल धरते. ती पहिल्या पावसातच दिसली तर भिंत वाचते.

कपड्यांचाही प्रश्न होताच. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडे ते सोयीचे, तिथल्या बर्फात ते दुखणे. आनंदीबाईंनी विचार करून गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली आणि लांब बाह्यांचे पोलके घातले. त्यांचे जे छायाचित्र आपण बघतो त्यात हाच पोशाख आहे. किती साधी आणि शहाणी तडजोड! गाऊन घातला नाही, साडी सोडली नाही, पण थंडीपुढे हट्टही धरला नाही. गोपाळरावांना मात्र हे फारसे रुचले नाही.

गोपाळरावांची पत्रे हा त्या दिवसांतला आणखी एक भार. टपाल हिंदुस्थानातून अमेरिकेला पोचायला महिना-दीड महिना. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला तीन महिने. त्या पत्रांत काळजी असे, तसा संशय आणि रागही असे. आनंदीबाईंनी एका पत्रात नवऱ्याला मोकळेपणाने लिहिले आहे की लहानपणी तुम्ही मला लाकडांनी मारलेत, खुर्च्या फेकल्यात, पण हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क कुठे आहे? हे लिहिण्याचे बळ त्यांना दूर गेल्यावर आले. गोपाळरावांमुळे त्या शिकल्या हे खरे, आणि त्यांच्याकडून त्यांनी सोसले हेही खरे. दोन्ही खरे एकत्र ठेवूनच हा इतिहास वाचायला हवा.

अशात दिवाळी आली. ती फिलाडेल्फियातली पहिली दिवाळी. घरी पणत्या, फराळ, आणि इथे अनोळखी रस्त्यावरची धुराची खोली. पण वर्ग चुकवला नाही, अभ्यास सोडला नाही.

दुसरा विद्यार्थी, दुसरी खोली

बरोबर तीस वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, आणखी एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात आलेले भीमराव आंबेडकर. पहिला मुक्काम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात. तिथले जेवण त्यांना मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तिथून पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे खोलीत जोडीदार होते नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी.

म्हणजे जगाने ज्यांना नंतर डॉ. बाबासाहेब म्हणून वंदन केले, त्यांनाही पहिल्या काही आठवड्यांत खोली आणि जेवण हाच प्रश्न होता! तीन जागा बदलल्यावर त्यांना जो मित्र भेटला तो आयुष्यभराचा ठरला. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा याच भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. खोलीतला जोडीदार कसा मिळतो यावर माणसाचे पुढचे किती ठरते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आनंदीबाईंना रोझेलची मावशी, बाबासाहेबांना भथेना, माझ्या पुतणीला हुबळीची शेजारीण. शिष्यवृत्ती फीची सोय करते, बुद्धी परीक्षेची सोय करते. पण पहिले काही आठवडे तरून न्यायला एक माणूसच लागतो. तो आपल्या जातीचा, भाषेचा, देशाचा असलाच पाहिजे असेही नाही. दार उघडणारा हवा.

पुढचे सारे

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात तीन विद्यार्थिनी बसल्या आहेत. हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना मिळाले. पण १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्याच मुळी क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी नव्हती. ते काम हाती घेण्याआधीच ती डॉक्टर गेली.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क प्रांतातल्या पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीतल्या जागेत ती ठेवलेली आहे. ज्या घराने पहिल्या दिवशी दार उघडले, त्याच घराने शेवटची जागाही दिली. हे वाचले की डोळे भरून येतात.

पण वाट बंद झाली नाही. गुरुबाई करमरकर त्याच कॉलेजातून १८९२ मध्ये डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतून त्यांनी बायकांची सेवा केली. पहिली जाणारी व्यक्ती नेहमीच जास्त किंमत मोजते. मागून येणाऱ्यांना ती वाट थोडी कमी खडतर लागते.

आणि आपले रायपूर?

आता थोडे घरचे. २००३ साली रायपूर डिव्हिजन नव्याने झाले, त्या सुमारास मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून इथे रुजू झालो. भाड्याने घेतलेली खोली जुलैच्या पावसात नेमकी खाटेवर गळायची. खाट सरकवली, तर तिथेही गळायची. एस.टी.डी. बूथवरून आईला फोन करायचो, "सगळं ठीक आहे." इमारत खात्याचा माणूस, दिवसभर दुसऱ्यांची छपरे दुरुस्त करायचो आणि रात्री स्वतः बादली लावून झोपायचो! लाजेने कुणाला सांगितले नाही.

एका रविवारी आमच्या सिनियर साहेबांनी जेवायला बोलावले. त्यांच्या मातोश्री वाढत होत्या. जवळ आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "काय रे बाळा, तुझे कपडे वाळत नाहीत का? कुबट वास येतोय. खोली कशी आहे तुझी?" मला पुढचा घास गिळवेना. त्यांनी त्याच संध्याकाळी तात्यापाऱ्यात ओळखीच्या घरी वरची खोली बघून दिली. काकू आता नाहीत. पण माझे रायपूर त्या एका प्रश्नापासून सुरू झाले.

आपण मराठी माणसे या गावात काही कालपरवा आलेलो नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले तेव्हापासून, आपली पाळेमुळे या मातीत आहेत. 'छत्तीसगड मित्र' काढणारे माधवराव सप्रे हेही शिकण्यासाठी बिलासपूरहून रायपूरच्या शाळेत आले होते. म्हणजे तेही एके काळी या गावात नवेच विद्यार्थी होते. आज त्यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यात उभी आहे.

आता तर रायपूर शिक्षणाचे मोठे केंद्र झाले आहे. एन.आय.टी., एम्स, विधी विद्यापीठ, आय.आय.एम., ट्रिपल आय.टी. विदर्भातून, मराठवाड्यातून दरवर्षी मुले-मुली इथे येतात. त्यांच्यासाठी रायपूर हेच फिलाडेल्फिया! आणि गंमत बघा, त्यांचे पहिले आठवडे आणि आपला गणेशोत्सव जवळजवळ एकाच सुमाराला येतात. मांडवात आरतीला मागे उभी राहणारी, कुणालाच न ओळखणारी, प्रसाद घेऊन गुपचूप निघून जाणारी दोन-चार मुले आपण दरवर्षी बघतो. बघतो आणि विसरतो.

म्हणून समितीला माझी नम्र सूचना आहे. मांडवात वर्गणीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल ठेवू या. त्यावर एक साधे रजिस्टर. नव्याने आलेल्या मुलामुलीला तीन प्रश्न विचारायचे. खोली कशी आहे? जेवणाची सोय काय? आजारी पडलास तर इथे फोन कुणाला करशील? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आपल्यापैकी एका घराचा नंबर तिथल्या तिथे लिहून द्यायचा. याला वर्गणी लागत नाही, देखावा लागत नाही. नळ, छप्पर, वायरिंग यांची तक्रार असेल तर ती मी आणि आमच्या खात्यातली दोन मित्रमंडळी रविवारी जाऊन बघू, हा शब्द आजच देतो.

पुतणी आता तिथे चांगली रुळली आहे. यंदा तिच्याच वसतिगृहात औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, एक नवी मुलगी आली. परवा फोनवर सांगत होती, "काका, ती आली त्या दिवशी मी आधी तिच्या खोलीत जाऊन हीटर चालू करून बघितला." मला वाटते, आनंदीबाईंचे यापेक्षा वेगळे स्मारक करायची गरज नाही.

विद्येची देवता म्हणून आपण ज्याची पूजा करतो, त्या गजाननाच्या मांडवातून कुणीही नवखा विद्यार्थी हा प्रश्न ऐकल्यावाचून परत जाऊ नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.

मंगलमूर्ती मोरया!